समजून घ्या : वेबसाइटचे फोटो हलके करणारा ‘मधला सर्व्हर’ काय करतो? आणि त्याला कुलूप का लागतं?

वेबसाइट उघडायला वेळ लागतो तेव्हा बहुतेक वेळा दोष जड फोटोंचा असतो. त्यावर उपाय आहे आणि तो फार अवघडही नाही. पण तो अर्धवट केला तर चालू वेबसाइट बंद पडू शकते. घरच्याच एका अनुभवातून समजून घेऊ.

माझ्या मामाचं गुहागरजवळ छोटं होमस्टे आहे. चार खोल्या, मागे माड-पोफळीची वाडी, चालत दहा मिनिटांवर समुद्र. दोन वर्षांपूर्वी त्याने वेबसाइट करून घेतली. गेल्या वर्षी जानेवारीत त्याचा फोन आला. “अगं, लोक वेबसाइट बघतात आणि वर मलाच फोन करून सांगतात, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. मग ती वेबसाइट कशाला केली आपण?”

मी माझ्या फोनवर पान उघडलं. मजकूर लगेच आला. फोटोंच्या जागी राखाडी चौकोन. एक-एक फोटो वरून खाली पडदा सोडावा तसा उतरत होता. मे महिन्याची बुकिंगं सुरू व्हायला महिना-दीड महिना होता. घरात इंजिनीअर मीच, त्यामुळे काम माझ्याकडे आलं.

फोटो एवढे जड का होते?

पानावर अकरा फोटो होते. सगळे मोबाइलने काढलेले आणि जसेच्या तसे चढवलेले. आजच्या साध्या फोनचा फोटोही ४००० बाय ३००० पिक्सेलचा, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपक्यांचा असतो. एका फोटोचं वजन सरासरी चार एमबी धरलं तरी पान ४४ एमबीचं झालं.

गावाकडे किंवा घाटात नेटचा वेग सेकंदाला चार मेगाबिट मिळाला, तर एवढं पान उतरायला जवळपास दीड मिनिट लागतं. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर त्यातला सुमारे तीन टक्के डेटा या एका पानावर संपतो. दीड मिनिट कोण थांबणार? गूगलच्या निकषानुसार पानावरचा सर्वांत मोठा घटक अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवा.

यातली गंमत अशी की एवढे ठिपके फोनला दाखवताच येत नाहीत. बहुतेक फोनच्या स्क्रीनची रुंदी १०८० पिक्सेलच्या आसपास असते. तेवढ्या रुंदीला तोच फोटो १०८० बाय ८१० चा पुरतो. म्हणजे ठिपके जवळपास चौदापट कमी. पाव किलो कांदे मागितले आणि दुकानदाराने दारात पोतं उतरवलं, अशी ही गोष्ट आहे. पोतं वाहून आणायचा खर्च मात्र गिऱ्हाइकाच्या माथी, कारण डेटा त्याचा जातो.

‘मधला सर्व्हर’ म्हणजे नक्की काय?

सगळे फोटो हाताने लहान करून पुन्हा चढवता आले असते. पण मामा दर हंगामात नवे फोटो टाकतो. त्याला दर वेळी ‘आधी लहान कर, मग टाक’ हे सांगणं शक्य नव्हतं. शिवाय फोनला एक आकार लागतो, लॅपटॉपला दुसरा.

म्हणून इमेज प्रॉक्सी वापरतात. प्रॉक्सी म्हणजे मध्यस्थ. तुमचा ब्राउझर मूळ फोटोकडे थेट जात नाही, या मध्यस्थाकडे जातो आणि सांगतो, ‘अमुक फोटो, ७२० पिक्सेल रुंदीचा दे.’ मध्यस्थ मूळ फोटो आणतो, लहान करतो, हलक्या फॉरमॅटमध्ये बदलतो आणि पाठवतो. तयार झालेला फोटो साठवून ठेवला की पुढच्या माणसाला तो लगेच मिळतो. या साठवणीला कॅश म्हणतात. मूळ फोटोला हात लागत नाही.

हलका फॉरमॅट म्हणजे काय? आपल्या ओळखीचा जेपीईजी १९९२ चा आहे. गूगलने २०१० मध्ये वेबपी आणला. गूगलच्या स्वतःच्या अभ्यासानुसार, तेवढ्याच दर्जाचा फोटो वेबपीमध्ये जेपीईजीपेक्षा २५ ते ३४ टक्के लहान होतो. त्यानंतर २०१९ मध्ये एव्हीआयएफ आला, तो बऱ्याचदा याहूनही लहान फाइल देतो. पण लक्षात घ्या, खरी बचत आकार कमी केल्याने होते. फॉरमॅटची बचत ही त्यावरची.

ही कल्पना नवी आहे का?

नाही. टू-जीच्या काळात ऑपेरा मिनी वापरलं असेल तर तुम्ही असा मध्यस्थ वापरला आहे. पान आधी ऑपेराच्या सर्व्हरवर जायचं, तिथे दाबून लहान व्हायचं आणि मग फोनवर यायचं. क्रोममध्येही लाइट मोड होता, तो गूगलने २०२२ मध्ये बंद केला. म्हणजे वाचकाच्या बाजूने पान हलकं करण्याची सोय कमी झाली आणि ती जबाबदारी वेबसाइट चालवणाऱ्यावर आली.

प्रॉक्सीचा उपयोग फक्त वजन कमी करण्यासाठी नसतो. डिसेंबर २०१३ पासून जीमेल ईमेलमधले फोटो स्वतःच्या सर्व्हरमार्फत दाखवतं. त्यामुळे जाहिरातीचा मेल पाठवणाऱ्याला तुमच्या फोनचा आयपी पत्ता कळत नाही. प्रोग्रॅमर मंडळी जिथे आपला कोड ठेवतात, त्या गिटहबने २०१० मध्येच ‘कॅमो’ नावाचा प्रॉक्सी सुरू केला होता. सुरक्षित पानावर लोकांनी असुरक्षित पत्त्यावरचे फोटो लावले की ब्राउझर इशारा देत असे. फोटो कॅमोमार्फत येऊ लागले आणि तो प्रश्न सुटला.

आपल्या वेबसाइटसाठी कोणते पर्याय असतात?

ढोबळमानाने तीन.

पहिला, वर्डप्रेस असेल तर ‘जेटपॅक’ हे प्लगइन. त्यात एक बटण चालू केलं की फोटो वर्डप्रेस डॉट कॉमच्या सर्व्हरमार्फत येऊ लागतात. सर्वांत सोपा मार्ग. यात एक खबरदारी घ्या. फोटो बदलायचा असेल तर नवा फोटो नव्या नावाने चढवा. तेच नाव ठेवलं तर जुनाच फोटो दिसत राहू शकतो.

दुसरा, तयार सेवा. क्लाउडिनरी, इमेजकिट किंवा क्लाउडफ्लेअरची फोटो बदलून देणारी सोय. यातल्या काही एका मर्यादेपर्यंत मोफत असतात, पुढे वापरानुसार पैसे.

तिसरा, स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं मोफत सॉफ्टवेअर. उदाहरणार्थ इम्जप्रॉक्सी, किंवा ब्राझीलच्या ग्लोबो डॉट कॉम या माध्यम कंपनीत तयार झालेलं थम्बोर. मामाची साइट आधीच भाड्याच्या एका लहान सर्व्हरवर होती. म्हणून मी इम्जप्रॉक्सी निवडलं.

एका रविवारी बसून काम केलं. रुंदी ठरवली. दर्जा ८० वर ठेवला, जी तिथली मूळ सेटिंग आहे. वेबपी चालू केलं. एक-एक फोटो दीडशे केबीच्या आसपास आला आणि ४४ एमबीचं पान दीड-पावणेदोन एमबीवर. चार मेगाबिटच्या नेटवर साडेतीन सेकंदांत सगळे फोटो दिसू लागले. फेब्रुवारीत मामाचा फोन आला तो कौतुकाचा होता.

मग चूक कुठे झाली?

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात साइट बंद पडली. सर्व्हरला महिन्याला ठरावीक डेटाची मर्यादा असते, ती संपली होती. चार खोल्यांच्या होमस्टेने एवढा डेटा वापरणं शक्यच नव्हतं.

रात्री सर्व्हरच्या नोंदी काढून बघितल्या. आमच्या प्रॉक्सीतून हजारो फोटो गेले होते. त्यातले मामाचे थोडेच. बाकी बुटांचे, मोबाइल कव्हरचे, कुठल्या तरी सिनेमांच्या पोस्टरचे. इतर वेबसाइट आपले फोटो आमच्या सर्व्हरवरून हलके करून घेत होत्या.

हे कसं झालं? प्रॉक्सीकडे जाणाऱ्या प्रत्येक पत्त्याचे तीन भाग असतात. सही, फोटोचं काय करायचं ते, आणि मूळ फोटो कुठे आहे ते. सही तपासण्यासाठी एक गुप्त किल्ली सेटिंगमध्ये भरावी लागते. ती भरली नाही तर इम्जप्रॉक्सी सही तपासतच नाही, तिथे कोणताही शब्द चालतो. फोटो कुठून आणायचे याची यादीही मी रिकामी ठेवली होती. रिकामी यादी म्हणजे ‘कुठूनही आणा’. पहिल्या दिवशी ‘आधी चालतंय का बघू, किल्ली नंतर भरू’ असं ठरवलं आणि ते नंतर कधी आलंच नाही. चूक सर्वस्वी माझी.

किराणा दुकानात आपल्या नावाची उधारीची वही असावी आणि कोणीही येऊन ‘त्यांच्या नावावर लिहा’ म्हणून माल न्यावा, तसं हे झालं. साइट दोन दिवस बंद होती. त्या दोन दिवसांत ठाण्याच्या एका कुटुंबाने फोटो दिसत नाहीत म्हणून दुसरीकडे बुकिंग केलं. मामा रागावला नाही. एवढंच म्हणाला, “फोटो जड होते तेव्हा निदान उशिरा का होईना, दिसत तरी होते.”

कुलूप कसं लावायचं?

कोणतीही सेवा घ्या, तपासायच्या गोष्टी त्याच.

१. मूळ जागांची यादी : फोटो फक्त आपल्याच साइटवरून किंवा आपल्याच साठवणुकीतून आणायचे, असं नाव लिहून सांगा. क्लाउडफ्लेअरमध्ये ‘कोणतीही जागा’ आणि ‘ठरावीक जागा’ असा पर्याय असतो, त्यातला दुसरा निवडा. नेक्स्ट जेएसवर बनवलेल्या साइटमध्ये ‘रिमोट पॅटर्न्स’ नावाची यादी असते. तिथे सगळ्यांना चालेल असं तारांकन टाकून मोकळं होऊ नका. पूर्ण नाव आणि फोल्डरही लिहा.

२. सही : फोटोचा पत्ता आणि गुप्त किल्ली मिळून एक सांकेतिक सही तयार होते. पत्त्यातलं एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही आणि प्रॉक्सी नकार देतो. दुकानदाराकडे आपल्या शिक्क्याची चिठ्ठी असेल तरच माल मिळेल, तसं. किल्ली सर्व्हरवरच ठेवा. पानाच्या जावास्क्रिप्टमध्ये ठेवली तर ती कोणालाही वाचता येते आणि सहीला अर्थ उरत नाही. थम्बोरमध्ये सही नसलेल्या पत्त्यात ‘अनसेफ’ हा शब्दच लिहावा लागतो. चाचणी संपली की ती वाट बंद करायची असते.

३. ठरावीक रुंद्या : यादी लावली तरी कोणी तुमच्याच फोटोची रुंदी १, २, ३ असं करत हजार प्रकारे मागू शकतो. प्रत्येक वेळी सर्व्हरला नवं काम, तयार सेवा असेल तर नवं बिल. म्हणून चार-पाच रुंद्या ठरवा. आम्ही ४८०, ७२०, १०८० आणि १६०० ठेवल्या. इम्जप्रॉक्सीत यासाठी प्रीसेट असतात आणि ‘फक्त प्रीसेटच चालतील’ असंही सांगता येतं.

४. मूळ फोटोची कमाल मर्यादा : फाइल छोटी असली तरी उघडल्यावर ती मोठी होते. ४००० बाय ३००० चा चार एमबीचा फोटो सर्व्हरच्या मेमरीत उघडला की साधारण ३६ ते ४८ एमबी जागा घेतो. मुद्दाम बनवलेली चित्रं याहून कितीतरी जास्त घेतात आणि लहान सर्व्हर कोलमडतो. किती पिक्सेलपर्यंतचा फोटो घ्यायचा, याची मर्यादा घाला.

५. एसव्हीजी : हा फॉरमॅट म्हणजे ठिपक्यांचं चित्र नसून लिहिलेला मजकूर असतो. त्यात स्क्रिप्टही लपवता येते. नेक्स्ट जेएसमध्ये तो मुळात बंद असतो आणि चालू करायच्या सेटिंगच्या नावातच ‘डेंजरसली’ हा शब्द आहे. लोगोसाठी तो लागत असेल तर प्रॉक्सीतून न नेता थेट द्या.

एवढी काळजी फक्त बिलासाठी?

नाही, यापेक्षा मोठा धोका आहे. ‘हा पत्ता घे आणि तिथलं आणून दे’ असं बाहेरचा माणूस आपल्या सर्व्हरला सांगू शकला, तर तो आतल्या जागांचे पत्तेही देऊ शकतो. क्लाउडवरच्या सर्व्हरला १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर स्वतःची माहिती मिळते. त्यात कधी-कधी तात्पुरत्या चाव्याही असतात. बाहेरून तो पत्ता दिसत नाही, आतून दिसतो. या हल्ल्याला एसएसआरएफ म्हणतात.

अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेचं २०१९ मधलं प्रकरण याच जातीचं. तिथे फोटोंचा प्रॉक्सी नव्हता, चुकीचं सेटिंग असलेली एक सुरक्षा-भिंत होती. पण युक्ती हीच. आतल्या सर्व्हरला त्याच्याच चाव्या आणून द्यायला लावल्या. अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी आणि कॅनडातल्या ६० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. पुढच्या वर्षी बँकेला ८ कोटी डॉलरचा दंड झाला. होमस्टेच्या साइटवर एवढा ऐवज नसतो. पण पाहुण्यांचे फोन नंबर असतात, आणि ते विश्वासाने दिलेले असतात.

कॅश लावताना काय बघायचं?

इम्जप्रॉक्सीसारखं सॉफ्टवेअर फोटो बनवून देतं, साठवणं हे मुख्यतः दुसऱ्याचं काम. म्हणून त्याच्या पुढे एनजिनेक्सची कॅश किंवा सीडीएन लावतात. नाहीतर तोच फोटो दर वेळी नव्याने बनतो. फोटोचं नाव बदलल्याशिवाय फोटो बदलत नसेल, तर एक वर्षाची मुदत द्यायला हरकत नाही.

फॉरमॅट मात्र जपून. आपल्याला काय उघडता येतं हे ब्राउझर ‘अ‍ॅक्सेप्ट’ या ओळीत सांगतो. त्याप्रमाणे कोणाला एव्हीआयएफ, कोणाला वेबपी, कोणाला जेपीईजी जातं. आयफोनवर वेबपी २०२० मध्ये आणि एव्हीआयएफ २०२२ मध्ये चालू लागलं, म्हणजे जुने फोन अजून वापरात असू शकतात. कॅश ही ओळ बघत नसेल, तर नव्या फोनसाठी बनलेला फोटो जुन्या फोनलाही जाईल आणि तिथे काहीच दिसणार नाही. एक जुना फोन हाताशी ठेवून तपासा.

आणखी एक. दरपत्रक किंवा नियमांचा फोटो लावू नका. दाबलेल्या फोटोत अक्षरं फाटतात. तो मजकूर टाइप करूनच द्या.

फोटोत पत्ताही असतो का?

असू शकतो. कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फोटो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांश फाइलमध्येच नोंदले जातात. होमस्टेला याची अडचण नाही, त्याला पत्ता सांगायचाच असतो. पण घरून डबे किंवा दागिने विकणाऱ्या बाईच्या साइटवर तिच्या स्वयंपाकघराचा नेमका ठिकाणा जाणं बरं नाही. इम्जप्रॉक्सी ही माहिती मुळातच काढून टाकतं. इतर सेवांमध्ये ते तपासून घ्या. पण मूळ फोटो थेट पत्त्याने उघडत असेल तर त्यातली माहिती तशीच राहते. म्हणून मूळ फोटोंची जागा लोकांसाठी बंद आणि फक्त प्रॉक्सीसाठी उघडी ठेवणं उत्तम. सर्वांत सोपं म्हणजे कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करूनच फोटो काढणं.

वाचक म्हणून तुम्हाला कसं ओळखता येईल?

अँड्रॉइडवर क्रोममध्ये एखाद्या फोटोवर बोट दाबून धरा आणि तो नव्या टॅबमध्ये उघडा. वरच्या पत्त्यात साइटच्या नावाऐवजी दुसऱ्याच सेवेचं नाव, किंवा रुंदी आणि दर्जाचे आकडे दिसले, तर तो फोटो मध्यस्थामार्फत आला आहे. तुमचं स्वतःचं दुकान, क्लास किंवा मंडळाची साइट असेल तर ती ज्याने बनवली त्याला तीन प्रश्न विचारा. फोटो लहान होऊन जातात का? दुसऱ्या कोणाचा फोटो आपल्या प्रॉक्सीतून निघू शकतो का? आणि सही तपासली जाते का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच बघता येतं. पत्त्यातलं एक अक्षर बदला. तरीही फोटो आला तर सही तपासली जात नाही.

मामाच्या साइटवर किल्ली भरली, यादी लावली, रुंद्या ठरवल्या. काम चाळीस मिनिटांचं होतं. तेवढाच वेळ जानेवारीतल्या त्या रविवारीही लागला असता. त्या मे महिन्यात साइट पुन्हा बंद पडली नाही. यंदा मामाने पावसाळ्यातले नवे फोटो टाकले, जसे फोनमध्ये होते तसेच. मला फोन करायची त्याला गरज पडली नाही.